प्रोसेसर बिघडला, हे सिद्ध कोणी करायचं?

"प्रोसेसर कुठं खराब होते का भाऊ? तुमच्या घरच्या लाईनचाच लोचा असंन."

अमरावती असो की अकोला, वॉरंटीतला संगणक उचलून दुकानात नेणाऱ्या गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा पहिलं उत्तर हे मिळतं. तरीही तो काउंटरवरून हलला नाही, तर पुढची उत्तरं तयार असतात. आपल्याकडचा उन्हाळाच असा, त्याला कंपनी काय करणार? प्रोसेसरच गेलाय कशावरून, आधी दाखवा. आम्ही फक्त विकतो, कंपनीला मेल टाका. आणि अगदीच हट्टाला पेटला तर, जा मग ग्राहक मंचात, मारा चकरा. ही उत्तरं इतक्या ठामपणे दिली जातात की ऐकणाऱ्यालाही ती खरी वाटू लागतात. वॉरंटीची मुदत शिल्लक असताना माणूस पदरचे पैसे घालून दुसरा प्रोसेसर घेतो आणि वर दुकानदाराचे आभार मानून घरी जातो.

यातलं एकेक उत्तर मला खोडून काढायचं आहे. उत्तरं वेगवेगळी दिसली तरी त्यांचा रोख एकच आहे: वस्तूतला दोष शोधून सिद्ध करण्याचं ओझं ती विकत घेणाऱ्याच्या डोक्यावर. हे तर्काला धरून नाही, कायद्याला धरून नाही आणि धंद्याच्या हिताचंही नाही. तपासण्याची साधनं ज्याच्या हातात आहेत, तपासण्याची जबाबदारी त्याची. एवढं मान्य झालं तर बाकीचे बहुतेक वाद काउंटरवरच मिटतील.

प्रोसेसर बिघडत नाही, या समजाला थोडा आधार आहे, तो नाकारायचं कारण नाही. संगणकात आधी एसएमपीएस जातो, रॅम जाते, हार्डडिस्क जाते. प्रोसेसर त्या मानानं टिकाऊ. पण क्वचित बिघडतो याचा अर्थ कधीच बिघडत नाही असा होत नाही. १९९४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नायसली मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या आकडेमोडीत काही केल्या मेळ बसेना. महिनोन्‌महिने एकेक शक्यता बाद करत ते अखेर इंटेलच्या पेंटियम चिपपर्यंत पोहोचले. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागलं की उत्तर १.३३३८२० यायला हवं, पेंटियम १.३३३७३९ देत होता. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. कोट्यवधी रुपये ओतून बनवलेल्या चिपमध्ये शाळकरी भागाकार चुकत होता.

त्या वेळी कंपनीनं घेतलेली भूमिका आपल्या काउंटरवरच्या भूमिकेशी तंतोतंत जुळते. सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असा हिशेब तिनं मांडला. आपल्या कामाला अचूक भागाकाराची गरज आहे हे जो पटवून देईल, त्यालाच चिप बदलून मिळेल, असं सांगितलं. म्हणजे पुन्हा तेच: दोष आमचा, सिद्ध तुम्ही करा. लोक खवळले. १२ डिसेंबरला आयबीएमनं पेंटियम बसवलेल्या आपल्या संगणकांची विक्री थांबवली. २० डिसेंबरला इंटेलनं माफी मागितली आणि मागेल त्याला, कारण न विचारता, चिप बदलून द्यायचं जाहीर केलं. त्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा खर्च खात्यावर दाखवावा लागला. पुराव्याची अट घालून वाचवायला निघालेले पैसे गेलेच, शिवाय अब्रूही गेली.

हे जुनं झालं म्हणावं, तर २०२४ चं उदाहरण ताजं आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जगभर अचानक अडखळू लागले. खेळ मध्येच बंद पडायचे, 'व्हिडिओ मेमरी संपली' असा भलताच संदेश यायचा, झिप फाईल उघडताना एरर यायची. त्यामुळे लोक आधी ग्राफिक्स कार्डावर संशय घेत राहिले. जुलै २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की प्रोसेसरच्या आतलाच मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. सप्टेंबरमध्ये कंपनीनं मूळ कारण सांगितलं: चढं व्होल्टेज आणि चढं तापमान यांमुळे कोअरमधला घड्याळाची लय सांभाळणारा भाग अकाली झिजत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बायोसमधून दुरुस्त्या आल्या. पण त्या पुढचं नुकसान थांबवतात. आधीच झिजलेला प्रोसेसर त्यांनी बरा होत नाही. म्हणूनच कंपनीला या मॉडेलांची वॉरंटी तीनऐवजी पाच वर्षं करावी लागली. बनवणारा स्वतः 'बिघडतो' म्हणून दोन वर्षं वाढवून देत असताना विकणारा 'बिघडतच नाही' म्हणतो, हे कोणत्या आधारावर?

आता उन्हाळा आणि लाईन. अकोल्याचा मे महिना कसा असतो हे अकोलेकराला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखालच्या खोलीत कॅबिनेटला हात लावला तर चटका बसतो. लाईनचं म्हणाल, तर ती जाते-येते, कमी-जास्त होते. हे सगळं खरं आहे. पण भिंतीतल्या सॉकेटमधली लाईन प्रोसेसरपर्यंत पोहोचतच नाही. २३० व्होल्ट एसएमपीएसमध्ये येतात, तिथून १२ व्होल्ट डीसी बाहेर पडतात, आणि मदरबोर्डवरचा रेग्युलेटर त्याचे साधारण एक-दीड व्होल्ट करून प्रोसेसरला देतो. लाईनचा मोठा झटका बसला तर आधी एसएमपीएस जळतो, मग बोर्ड. दोन्ही धडधाकट असताना मधली दोन दारं ओलांडून लाईननं फक्त प्रोसेसरलाच गाठलं, असं म्हणणाऱ्यानं ते दाखवून द्यावं. ज्या चढ्या व्होल्टेजनं २०२४ मध्ये प्रोसेसर झिजले, ते महावितरणच्या खांबावरून आलेलं नव्हतं. ते चिपच्या आतल्या कोडनं मागितलेलं आणि काही बोर्डांनी कारखान्यातूनच मोकळं सोडलेलं होतं. गिऱ्हाइकानं बायोस कधी उघडलेलाही नसतो, आणि 'ओव्हरक्लॉकिंग केलं असेल' हा आरोप मात्र त्याच्यावर.

उष्णतेचंही तेच. आजचा प्रोसेसर स्वतःचं तापमान सतत मोजत असतो. शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःहून वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर संगणक बंद करतो. कूलरमध्ये धूळ साठली, पेस्ट वाळली, तर संगणक मंद होईल, बंद पडेल. साफसफाई करणं हे वापरणाऱ्याचं कामच आहे. सॉकेटमधल्या पिना वाकवल्या, प्रोसेसर खाली पाडला, तर वॉरंटी मागू नये, हेही बरोबर. पण जो माल वर्षानुवर्षं वऱ्हाडात विकला जातो, तो विकताना इथला उन्हाळा माहीत असतो. विकताना उन्हाचा उल्लेख नाही, वॉरंटी मागितली की ऊन आठवतं, असा दुटप्पी व्यवहार चालणार नाही. ऊन खरोखरच बाधक असेल तर ते वॉरंटी कार्डावर छापा आणि मग इथे विकून दाखवा.

तिसरं उत्तर सगळ्यात घातक आहे: 'प्रोसेसरच गेलाय हे दाखवा.' दाखवायचं कसं? प्रोसेसर दोषी आहे हे ठरवायची खात्रीची रीत एकच: तो काढून दुसऱ्या चांगल्या बोर्डावर बसवायचा, किंवा त्याच्या जागी दुसरा चांगला प्रोसेसर बसवून पाहायचा. घरच्या माणसाकडे जादा बोर्ड नसतो, जादा प्रोसेसर तर नसतोच. दुकानात दोन्ही असतात.

मी हे स्वतः भोगलं आहे. माझा संगणक दिवसभर व्यवस्थित चालायचा, पण लग्नाच्या फोटोंची मोठी झिप फाईल उघडायला गेलं की मध्येच एरर. तीच फाईल शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर बिनबोभाट उघडायची. दुकानदारानं विंडोज नवं टाकलं, मग रॅम बदलायला लावली, मग नवा एसएमपीएस विकला. प्रत्येक वेळी माझ्या पैशानं आणि प्रत्येक वेळी 'आता चालेल' या शब्दावर. शेवटी ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्या पोरानं कूलर काढला. वाळून कडक झालेली पेस्ट कापसानं पुसली, तशी धातूच्या झाकणावरची अक्षरं उजळली. त्यानं खटका वर केला, प्रोसेसर दोन्ही कडांना धरून सरळ उचलला आणि टेबलावरच्या त्याच्या बोर्डात ठेवला. तीच फाईल, तीच एरर. मग त्याचा प्रोसेसर माझ्या बोर्डात बसवला, आणि फाईल पहिल्या फटक्यात उघडली. चहा येईपर्यंत निदान झालं होतं. ज्या दुकानात मी पैसे मोजले होते, तिथे हे दोन हातांचं काम पहिल्याच दिवशी करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही, कारण न करण्यात त्यांचं काही जात नव्हतं. जे जात होतं ते माझं.

वऱ्हाडाला तर हा प्रश्न नवा वाटायला नको. इथल्या शेतकऱ्यानं तो बियाण्याच्या रूपानं कितीदा तरी झेलला आहे. बियाणं उगवलं नाही की कंपनी म्हणायची, पाऊस कमी पडला असेल, खोल पेरलं असेल, आणि बियाणंच वाईट होतं याला पुरावा काय? नमुना प्रयोगशाळेत तपासला का? सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात हा युक्तिवाद फेटाळला. शेतकरी विकत घेतलेलं सगळं बियाणं पेरतो. पुढे भांडण होईल म्हणून त्यातलं मूठभर बाजूला काढून ठेवावं, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हे न्यायालयानं स्पष्ट केलं. प्रयोगशाळेचा अहवाल नाही म्हणून तक्रार बाद, हे त्यानं मानलं नाही. हा न्याय चिपलाही लावा. शेतात पेरलेलं बियाणं आणि बोर्डात बसवलेला प्रोसेसर यांत फरक पुष्कळ आहेत. पण विकणाऱ्याकडे साधनं आणि घेणाऱ्याकडे फक्त नुकसान, ही स्थिती दोन्हीकडे एकच आहे.

तपासणीच्या नावाखाली दुकानात जे होतं, तेही नीट पाहा. संगणक सुरू करतात, विंडोजचा पडदा येतो, दोन फोल्डर उघडून बंद करतात आणि सांगतात, 'चालू तर आहे.' झिजलेला प्रोसेसर सुरू होतोच. तो ओझ्याखाली अडखळतो. तासभर व्हिडिओ रेंडर करा, मोठ्या फाईली दाबून पुन्हा उघडा, सगळे कोअर एकाच वेळी कामाला लावा, तेव्हा कुठे तो चुकतो. पाच मिनिटांचं 'चालू आहे' ही तपासणी नव्हे.

चौथं उत्तर: 'आम्ही फक्त विकतो, कंपनीला मेल करा.' यात एक गोष्ट लपवली जाते. प्रोसेसर दोन प्रकारे येतात: सीलबंद बॉक्समध्ये आणि सुटे, ज्याला बाजारात ट्रे म्हणतात. बॉक्सवाल्याला कंपनीची थेट वॉरंटी असते, इंटेल आणि एएमडी दोघांचीही साधारण तीन वर्षांची. ट्रेवाला माल हा संगणक जोडून विकणाऱ्यांसाठी असतो. त्याची वॉरंटी ज्यानं विकला त्याच्याकडेच मागायची असते. इंटेलनं २०२४ ची वाढीव मुदत देतानासुद्धा ट्रेवाल्यांना, जिथून घेतला तिथे जा, असंच सांगितलं. म्हणजे असेंबल केलेल्या संगणकात ट्रे प्रोसेसर टाकायचा आणि बिघडल्यावर कंपनीचा पत्ता दाखवायचा, ही सरळ दिशाभूल आहे. कंपनी दुकानाकडे बोट दाखवते, दुकान कंपनीकडे, आणि मधे उभा राहतो पैसे मोजलेला माणूस.

कायदा याबाबत मोघम नाही. जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' म्हणजे काय हे सांगितलं आहे: कराराप्रमाणे, किंवा विक्रेत्यानं जो दावा केला त्याप्रमाणे वस्तूचा दर्जा नसणं. बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला आणि ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायला नकार देणं, हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा तीस दिवस धरतो. त्यामुळे बिलाच्या तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं म्हणून सदोष मालाची जबाबदारी सुटत नाही. आणि 'कच्च्या बिलावर घ्या, अठरा टक्के जीएसटी वाचतो' हे आमिष स्वीकारणाऱ्यानं आपण नेमकं काय विकून टाकतो आहोत ते लक्षात घ्यावं. तिथे वॉरंटीचा पुरावा विकला जातो.

या उत्तरांपलीकडचा एक आक्षेप गंभीर आहे, आणि तो लहान दुकानदारांकडून प्रामाणिकपणे येतो. प्रोसेसरवर मार्जिन नाममात्र असतं. सदोष नग बदलून द्यायचा तर आधी आपल्या शेल्फवरचा द्यावा लागतो, आणि डिस्ट्रिब्युटर मात्र परतीचा नग आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवतो. नागपूर-मुंबईचा कुरिअरही खिशातून. दोन-तीन गिऱ्हाइकांना असं दिलं तर महिन्याची कमाई गेली. हे दुखणं खरं आहे. पण त्याचा इलाज वरच्याला जाब विचारणं हा आहे. दुकानदार डिस्ट्रिब्युटरशी वर्षभर व्यवहार करतो. त्याचा शब्द तिथे ऐकला जाऊ शकतो. तीन वर्षांतून एकदा एक प्रोसेसर घेणाऱ्याचा कोण ऐकणार? डिस्ट्रिब्युटरनं माल उशिरा दिला म्हणून त्याचा भार सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसानं का उचलायचा? शिवाय ऑनलाइनवर तोच माल चार पैसे कमीनं मिळत असताना माणूस गावातल्या दुकानात येतो तो एकाच आशेनं, की उद्या काही झालं तर समोर बोलायला माणूस असेल. ती आशा तोडणारा दुकानदार आपल्याच पोटावर पाय देतो.

उरला ग्राहक मंच. 'वर्षानुवर्षं चालतं' ही धमकी मुख्यतः लोकांना माहिती नाही म्हणून चालते. आता त्याला जिल्हा ग्राहक आयोग म्हणतात, आणि तो अमरावतीत आहे, अकोल्यातही आहे. कंपनीचं मुख्यालय बंगळुरूत असो की परदेशात, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. प्रयोगशाळेची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा सांगतो. हे वेळापत्रक नेहमी पाळलं जात नाही आणि तपासणीची फी आधी तक्रारदारालाच भरावी लागते, या उणिवा आहेत आणि त्याविरुद्धही बोललं पाहिजे. पण आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो, हे त्याहून मोठं सत्य आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पुष्कळदा तेवढ्यानंच कंपनी जागी होते.

लग्नाचे व्हिडिओ जोडणारा, डीटीपी करणारी, परीक्षांचे फॉर्म भरून देणारा, अशांना मुद्दाम सांगितलं जातं की तुम्ही धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. हे खोटं आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू कायद्यानं 'व्यापारी हेतू' या अपवादात धरलेली नाही. उलट, संगणक आठवडाभर बंद राहिला तर सगळ्यात जास्त नुकसान याच माणसाचं होतं. लगीनसराई त्याच्यासाठी थांबत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट कराव्यात. प्रत्येक बिल पक्कं असावं आणि त्यावर प्रोसेसरचा नंबर लिहिलेला असावा. प्रोसेसर बॉक्सचा की ट्रेचा, हे विकतानाच लिहून द्यावं. बॉक्स रद्दीत टाकू नये; त्यावरचा नंबर आणि प्रोसेसरच्या झाकणावरचा नंबर जुळणं हाच उद्याचा आधार आहे. दुकानात संगणक ठेवला की तारखेसह पावती मिळावी, ओझं देऊन तपासणी व्हावी, आणि नाकारायचं असेल तर कारण सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावं. तोंडी 'लाईनचा लोचा' सांगणारा माणूस तेच कागदावर लिहिताना दहादा विचार करतो. आणि डिस्ट्रिब्युटरांनी विदर्भासाठी बदली नग नागपुरात ठेवावेत, ही मागणी अमरावती-अकोल्याच्या विक्रेत्यांनी संघटित होऊन करावी. तिला गिऱ्हाइकांचाही पाठिंबा राहील.

वॉरंटी ही कोणाची मेहरबानी नाही. तिची किंमत बिलात धरलेली असते आणि ती आपण पहिल्याच दिवशी चुकती केलेली असते. ती मागायला आलेल्या माणसाला आरोपी ठरवून त्याच्याकडूनच पुरावे मागण्याचा अधिकार ना दुकानाला आहे, ना डिस्ट्रिब्युटरला, ना कंपनीला.